सरकारी कार्यालयाचे बौद्धिक भांडवल कसे तपासायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा पातळीवरील कार्यालये, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांचे विभाग यांच्यासाठी आहे. मंत्रालयातील विभागांनाही यातले बरेच लागू पडेल, पण उदाहरणे मुद्दाम खालच्या पातळीवरची घेतली आहेत, कारण खरी गळती तिथेच होते.

सरकारी कार्यालयाचे बौद्धिक भांडवल म्हणजे नेमके काय?

ज्याच्या बळावर कार्यालयाचे काम चालते, पण जे जडवस्तू संग्रह नोंदवहीत कधीच चढत नाही, ते सगळे. खुर्च्या, कपाटे, पंखे, संगणक यांची नोंद होते आणि पडताळणीही होते. शहराच्या जुन्या भागातली जलवाहिनी कुठून वळते, कोणता व्हॉल्व्ह किती फिरवला की वरच्या गल्लीत पाणी चढते, हे ज्या व्हॉल्व्हमनला ठाऊक आहे त्याच्या माहितीची नोंद मात्र कुठल्याच वहीत नसते. तो निवृत्त होतो त्या दिवशी नगरपरिषद काहीतरी मोठे गमावते आणि तिच्या हिशेबात त्याचा मागमूस नसतो.

अभ्यासक याचे तीन भाग करतात. माणसांच्या डोक्यात आणि हातात असते ते मानवी भांडवल. माणसे घरी गेल्यावरही कार्यालयात उरते, म्हणजे अभिलेख, नकाशे, संगणकप्रणाली, ठरलेल्या कार्यपद्धती, ते संरचनात्मक भांडवल. आणि नागरिक, इतर विभाग, लोकप्रतिनिधी, ठेकेदार, स्थानिक संस्था यांच्याशी जुळलेला विश्वास व ओळख हे संबंध-भांडवल. हे तिन्ही सुटे-सुटे मोजले तर फारसे हाती लागत नाही. ते एकमेकांवर कसे टेकलेले आहेत, हे पाहावे लागते. पुढे मोडी लिपीच्या उदाहरणात हे स्पष्ट होईल.

ही कल्पना तर खासगी कंपन्यांची. सरकारने ती का घ्यावी?

उगम कंपन्यांचाच. स्वीडनच्या स्कॅन्डिया या विमा-वित्त कंपनीने १९९१ मध्ये लेइफ एडविन्सन यांना बौद्धिक भांडवलाचे संचालक नेमले आणि १९९४ च्या वार्षिक अहवालासोबत बौद्धिक भांडवलावरची स्वतंत्र पुरवणी काढली. तिथला प्रश्न गुंतवणूकदारांचा होता: कंपनीची बाजारातली किंमत तिच्या ताळेबंदातल्या किमतीहून इतकी जास्त का?

तहसील कार्यालयाचे शेअर बाजारात विकले जात नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आपल्याला लागू नाही आणि त्यातून निघालेली सूत्रेही तशीच उचलता येत नाहीत. नफ्यावर किंवा मूल्यवृद्धीवर आधारलेले कुठलेही गुणोत्तर सरकारी कार्यालयाला लावले की उत्तर निरर्थक येते. आपला प्रश्न वेगळा आहे: आज जी सेवा आपण देतो, ती उद्या माणसे बदलल्यावरही तितक्याच नीट देता येईल का?

सार्वजनिक क्षेत्रात याचे सर्वांत ठोस उदाहरण ऑस्ट्रियाचे आहे. तिथल्या २००२ च्या विद्यापीठ कायद्याने सरकारी विद्यापीठांना 'ज्ञान-ताळेबंद' सक्तीचा केला. पैशांच्या हिशेबाबरोबर माणसे, रचना आणि संबंध यांचाही हिशेब द्यायचा, ही कल्पना तिथे कायद्यात आली.

याची रुपयांत किंमत काढता येईल का?

काढू नये. सरकारी लेखे आजही मुख्यतः रोखीच्या तत्त्वावर चालतात. जिथे रस्त्या-पुलांची किंमतही ताळेबंदात येत नाही, तिथे अनुभवाची किंमत मांडणे हा केवळ आकड्यांचा खेळ ठरतो. कंपन्यांसाठीची लेखामानकेसुद्धा कर्मचाऱ्यांच्या कौशल्याला सहसा मालमत्ता मानत नाहीत, कारण माणूस कधीही सोडून जाऊ शकतो आणि त्याच्यावर संस्थेचे नियंत्रण नसते. सल्लागार संस्था एखादा कोटींचा आकडा काढून देईलही. त्या आकड्यावरून कोणता निर्णय घेणार, हे त्यांना आधी विचारा.

मग मोजायचे काय?

कामे मोजायची. पदे मोजून भागत नाही आणि पदव्या मोजूनही नाही.

कार्यालयातली महत्त्वाची कामे आधी लिहून काढा. 'आस्थापना' किंवा 'लेखा' असे शाखेचे नाव लिहू नका. 'वेतननिश्चिती करणे', 'जुन्या फेरफारावरून वारसांची साखळी लावणे', 'आवर्तनाच्या वेळी शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोहोचवणे', 'लेखापरीक्षणातील आक्षेपांचे अनुपालन लिहिणे' असे क्रियेच्या रूपात लिहा. मध्यम आकाराच्या कार्यालयात अशी ३० ते ५० कामे सहज निघतात.

मग प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी भरा. हे काम स्वतःच्या जोरावर करू शकणारे किती जण आहेत? त्यांपैकी कोण तीन वर्षांच्या आत निवृत्त होतो किंवा बदलीला पात्र ठरतो? कामाची पद्धत कुठे लिहिलेली आहे का, आणि असल्यास ती शेवटची कधी सुधारली? नव्या माणसाला हे स्वतंत्रपणे करायला शिकण्यास किती महिने लागतात? आणि काम महिनाभर अडले तर नागरिकाचे काय नुकसान होते?

ज्या कामापुढे 'एकच जण', 'लवकरच जाणार', 'लिहिलेले नाही' असे तिन्ही शेरे येतील ते लाल. अशा कामांची यादी हाच मूल्यमापनाचा गाभा आहे. बाकी निर्देशांक, तक्ते, आलेख नंतर जोडले तरी चालतात. ही यादी नसेल तर ते सगळे शोभेचे ठरतात.

लाल यादीत वरच्या पदांपेक्षा खालची पदे जास्त दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अधिकारी बदलला तरी त्याच्या अधिकारांचे नियम पुस्तकात असतात. कालवा निरीक्षक, अभिलेखपाल, व्हॉल्व्हमन, वर्षानुवर्षे एकाच टेबलावर बसलेला लिपिक यांचे ज्ञान पुस्तकात नसते. पदनाम पाहून गुण देणारी कोणतीही पद्धत इथेच फसते.

आकृतिबंध, सेवापुस्तक, कार्यमूल्यमापन अहवाल हे सगळे आहेच. ते पुरेसे नाही का?

ते उपयोगी आहेत, पण वेगळ्या कामासाठी. आकृतिबंध मंजूर पदे सांगतो, भरलेल्या पदावरच्या माणसाला काय येते ते सांगत नाही. सेवापुस्तकात नेमणूक, वेतनवाढ, रजा, परीक्षा यांची नोंद असते. कार्यमूल्यमापन अहवाल व्यक्तीबद्दल असतो आणि त्याचा संबंध पदोन्नतीशी असल्यामुळे त्यात मोकळेपणाने लिहिले जात नाही. 'या कार्यालयात हे काम आणखी कोणाला येते?' या साध्या प्रश्नाचे उत्तर या तिन्हींत मिळत नाही.

एक चांगला पाया मात्र आपल्याकडे आधीच आहे, तो म्हणजे सहा गठ्ठे पद्धतीतली (टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या पद्धतीतली) स्थायी आदेश संचिका, म्हणजे त्या टेबलाच्या कामाचे शासन निर्णय आणि परिपत्रके एकत्र ठेवलेली संचिका. ज्या टेबलावर ती खरोखर अद्ययावत असते, तिथे नवा लिपिक लवकर रुळतो. तपासणी करताना प्रत्येक टेबलाची स्थायी आदेश संचिका मागवा आणि तिच्यातला सर्वांत अलीकडचा शासन निर्णय कोणत्या तारखेचा आहे एवढे पाहा. संरचनात्मक भांडवलाची इतकी स्वस्त आणि खरी चाचणी दुसरी नाही.

अभिलेखांची तपासणी कशी करावी?

अभिलेखांचे वर्गीकरण जपून ठेवण्याच्या मुदतीनुसार अ, ब, क, ड असे झाले आहे का, हे प्रत्येक तपासणी अधिकारी पाहतोच. आपल्याला त्यापुढे जायचे आहे. नोंदवहीतून कोणतेही दहा जुने क्रमांक निवडा, काही पाच वर्षांपूर्वीचे आणि काही तीस वर्षांपूर्वीचे. त्या दहा संचिका समोर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. मग तीच चाचणी अभिलेखपाल रजेवर असताना करा. दोन्ही वेळांमधला फरक म्हणजे जे ज्ञान खोलीत असायला हवे होते पण एका माणसात राहिले आहे.

याच जिल्हा प्रशासनांनी एकेकाळी यात देशाला वाट दाखवली होती, हे नव्या पिढीला सांगायला हवे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी बैठकव्यवस्था, अभिलेखांची मांडणी आणि नागरिकाला माहिती मिळण्याची पद्धत यांची नव्याने घडी बसवली. 'लखीना पॅटर्न' हे नाव आजही जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी आहे. त्या सुधारणेचे मोल इमारतीत नव्हते. एका चांगल्या अधिकाऱ्याची दृष्टी कार्यालयाच्या रचनेत उतरली, म्हणून ती त्याच्या बदलीनंतरही लोकांना आठवत राहिली.

आता मोडी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली. कागद होते, पण त्यांतले बरेच मोडीत, आणि मराठवाड्यात निजामकाळातले काही उर्दू-फारसीत. ते वाचणारी माणसे कार्यालयात नव्हती, म्हणून मोडी वाचकांची शोधाशोध झाली. म्हणजे संरचनात्मक भांडवल शाबूत होते, पण ते उघडणारे मानवी भांडवल दरम्यानच्या काळात संपले होते. कोणत्याही मूल्यमापनात हा प्रश्न असायलाच हवा: आपल्याकडे असे कोणते अभिलेख आहेत जे आपल्यापैकी कोणालाच वाचता येत नाहीत? यात जुन्या संगणकप्रणालीतली, आता न उघडणारी माहितीही धरावी.

कर्मचाऱ्यांनी किती प्रशिक्षणे घेतली, हा निर्देशांक चालेल का?

पूरक म्हणून चालेल. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली, आयगॉट हे ऑनलाइन शिक्षणपीठ उभे राहिले, पुण्यातील यशदासारख्या संस्था वर्षानुवर्षे प्रशिक्षण देत आहेत. ही सोय मोलाची आहे. पण पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची संख्या हेच उद्दिष्ट झाले की चित्रफीत एकीकडे चालू आणि काम दुसरीकडे चालू असा प्रकार होतो, आणि प्रमाणपत्रे वाढूनही लाल यादी होती तेवढीच राहते.

प्रशिक्षणाचा परिणाम लाल यादीवर तपासा. वेतननिश्चितीचे प्रशिक्षण घेतलेल्या लिपिकाने त्यानंतर स्वतः किती प्रकरणे केली आणि त्यांतली किती वेतन पडताळणी पथकाकडून आक्षेपासह परत आली, हे विचारा.

बदल्या तर होणारच. मग ज्ञान टिकणार कसे?

बदली हा दोष नव्हे. २००५ च्या बदल्यांविषयीच्या राज्य कायद्याने पदावधी साधारण तीन वर्षांचा ठरवला तो काही चुकीचा नाही. एकाच जागी मुळे रुजण्याचे धोके सगळ्यांना माहीत आहेत. दोष आहे तो कार्यभार हस्तांतरणाच्या पद्धतीत. कार्यभार अहवालात रोकड, चाव्या, नोंदवह्या, प्रलंबित प्रकरणांची संख्या येते. कोणते प्रकरण का अडले आहे, कोणत्या न्यायालयीन दाव्यात कोणता कागद निर्णायक आहे, कोणत्या गावात पूर्वी काय ठरले होते, हे येत नाही. बऱ्याचदा जुना माणूस सकाळी जातो आणि नवा संध्याकाळी रुजू होतो; दोघांची भेटही होत नाही.

निवृत्तीच्या बाबतीत हे जास्तच खटकते. कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार करायला आपण दोन वर्षे आधीपासून घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्याकडचे काम दुसऱ्याला शिकवायला शेवटचा आठवडाही ठेवत नाही. निवृत्तिवेतन प्रकरण उघडले की त्याच दिवशी त्या व्यक्तीच्या कामांची यादी करायची आणि लाल कामांसाठी सोबतीला एक जण द्यायचा, एवढा नियम कार्यालयप्रमुखाला स्वतःच्या अधिकारात करता येतो. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

संबंध-भांडवल कसे मोजणार? ते तर अगदी धूसर वाटते.

थेट मोजता येत नाही, पण त्याच्या खुणा दिसतात. एकाच विषयावर तोच नागरिक किती वेळा अर्ज करतो? माहिती अधिकारातल्या अर्जांपैकी किती पहिल्या अपिलात जातात? लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवांपैकी किती मुदतीत दिल्या जातात? दुसऱ्या विभागाकडून अभिप्राय यायला किती दिवस लागतात, आणि फोन केल्यावर किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एखाद्या कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत ओळखीकडे बोट दाखवते. ती ओळख चांगलीच, पण ती त्याची आहे, कार्यालयाची अजून झालेली नाही.

संबंध-भांडवल संस्थेत कसे उतरते हे पाहायचे असेल तर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याचा वाघाड प्रकल्प पाहावा. तिथे १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. २००५ मध्ये सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांमार्फत व्यवस्थापनाचा कायदा झाला, त्याआधीच तिथे अनुभव साठलेला होता. शाखा अभियंता बदलला म्हणून पाणीवाटप विस्कळीत होत नाही, कारण कोणाला किती आणि कधी पाणी द्यायचे हे ठरवणारी संस्था गावातच आहे. जलसंपदा विभागाच्या एखाद्या शाखेचे मूल्यमापन करताना तिच्या लाभक्षेत्रात अशा किती संस्था कागदावर आहेत आणि किती खरोखर पाणीपट्टी गोळा करतात, हे विचारले पाहिजे.

बौद्धिक संपदा आणि बौद्धिक भांडवल एकच का?

नाही. पेटंट, कॉपीराइट वगैरे बौद्धिक संपदा हा या भांडवलाचा छोटा, कायद्याने संरक्षित तुकडा आहे. बहुतेक कार्यालयांकडे तो जवळजवळ नसतोच.

तरी एक प्रकरण इथे सांगण्यासारखे आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाला पेटंट मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. तेव्हा तिचे महासंचालक होते गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हळदीचा गुण आपल्या प्रत्येक घराला माहीत होता, पण तेवढे सांगून भागले नाही. जुने संस्कृत उल्लेख आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे लिखित पुरावे ठेवावे लागले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. सर्वांना माहीत असलेली गोष्टही लिहून ठेवलेली नसेल तर ऐन वेळी संस्थेच्या उपयोगी पडत नाही, हे या प्रकरणात जगासमोर आले.

संगणकप्रणाली बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली आहे. ती कोणाचे भांडवल?

करार काढून वाचा. मूळ संहिता (सोर्स कोड) कोणाच्या मालकीची, माहितीसाठा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, आणि करार संपल्यावर कंपनीने किती काळ हस्तांतरणास मदत करायची, या तीन कलमांवर उत्तर ठरते. ती कलमे नसतील तर प्रणाली तुमच्या इमारतीत चालत असली तरी ज्ञान भाड्याचे आहे. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरच्या बाबतीतही हेच. ज्याच्याकडे सगळे पासवर्ड आहेत आणि ज्याचा करार दर वर्षी संपतो, त्याच्याकडची कामे लाल यादीत अग्रभागी यायला हवीत. कार्यालयाचे निर्णय आणि छायाचित्रे कोणाच्या तरी खासगी मोबाइलमधल्या व्हॉट्सअॅप गटातच पडून असतील तर तीही याच खात्यात मोडतात.

कर्मचारी माहिती द्यायला कचरतात. काय करावे?

त्यांची भीती खरी असते, ती आधी मान्य करा. आपल्याला येते ते लिहून दिले की आपली गरज संपेल, पद कमी होईल, बदली होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. काहींची आयुष्यभराची प्रतिष्ठा 'हे फक्त भाऊसाहेबांनाच येते' या वाक्यावर उभी असते.

म्हणून तीन गोष्टी सुरुवातीलाच जाहीर कराव्यात आणि पाळाव्यात. या माहितीचा वापर आकृतिबंध कमी करण्यासाठी होणार नाही. अहवाल कामानुसार असेल, व्यक्तीनुसार गुण दिले जाणार नाहीत. आणि जो शिकवेल त्याचे नाव त्या कार्यपद्धतीच्या टिपणावर राहील. तिसरी गोष्ट अनेकांना किरकोळ वाटते, पण तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. तीस वर्षे काम केलेल्या माणसाचे नाव त्याने घडवलेल्या पद्धतीवर कायम राहणे हा त्याचा हक्क आहे.

लिहून द्या म्हटले तर लिहिता येत नाही अशीही माणसे असतात. त्यांच्यासोबत एका तरुण सहकाऱ्याला फिरू द्या, त्याला टिपणे काढू द्या, जागेवर चित्रीकरण करू द्या.

हा अहवाल नागरिकांना दाखवायचा का?

कामांची यादी, अभिलेखांची स्थिती आणि सुधारणांचा आराखडा जरूर दाखवावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अभिलेखांची सूची करून माहिती स्वतःहून जाहीर करण्याची अपेक्षा आहेच. व्यक्तींविषयीचे तपशील मात्र मूळ अहवालात घेऊच नयेत, म्हणजे पुढचा वाद राहत नाही.

वेगळा निधी नाही, मनुष्यबळ अपुरे आहे. सुरुवात कुठून करावी?

एका शाखेतून. येत्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी आस्थापना शाखेकडे तयारच असते. त्यातली पहिली तीन नावे घ्या आणि त्या तिघांच्या प्रत्येकी पाच कामांपुढे वरचे पाच प्रश्न भरा. बाहेरचा सल्लागार लागत नाही. शेजारच्या तालुक्यातील त्याच संवर्गातला एखादा अनुभवी माणूस सोबत घेतला तर प्रश्न जास्त नेमके विचारले जातात, कारण काम कुठे अडते ते त्याला आतून माहीत असते. नंतर दर वर्षी एप्रिल-मेच्या बदल्यांच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, यादी पुन्हा तपासावी. मार्चअखेरची धावपळ लक्षात घेता फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात सोयीचा.